ताईचे गमतीचे नकाशे

फोन आला तेव्हा मी बँकेत पासबुक छापून घेत होतो. पलीकडे ताईच्या अपार्टमेंटचा वॉचमन यादगिरी होता. "सार, अम्मा दरवाजा नै खोल रहे. दूध का पॅकेट सुबे से वैसाच लटका हुआ है." मी म्हणालो, येतो. पासबुक मशीनमध्ये अर्धं गेलेलं होतं. ते बाहेर येईपर्यंत मी थांबलो, पान उलटलं, पुन्हा आत सरकवलं, शेवटची ओळ छापून झाल्यावर घडी पडणार नाही अशा बेताने ते खिशात ठेवलं आणि दिलसुखनगरहून मलकपेठला निघालो. मेट्रोच्या खांबांखालून स्कूटर नेताना मला कसलीच घाई वाटत नव्हती. आत कुठेतरी कळलं असावं, की घाई करून आता काही व्हायचं नाही… कुलूपवाल्याने दार उघडलं. ताई अंथरुणावर कुशीवर झोपलेली होती. पंखा चालू होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, पहाटे केव्हातरी. मी पंखा बंद केला आणि मग काय करायचं ते न सुचून पुन्हा चालू केला.

त्याला आता दोन-अडीच महिने होतील. पुरवणीच्या संपादकांनी "ताईंच्या संग्रहाबद्दल लिहा" असं सांगितलं, म्हणून बसलोय. माझी ही थोरली बहीण, सुमन गायकवाड, जन्मभर टेलिफोन खात्यात होती. लग्न केलं नाही. मराठी, तेलुगू, आमची हैदराबादी हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी अशा चार भाषांत ती फोनवर बोलायची आणि चारही भाषांत तिचा आवाज सारखाच असायचा, ना चढा ना पडका. नोकरीबाहेर तिने एकच गोष्ट केली. लढाईच्या काळात शिपायांसाठी छापलेले व्यंगचित्रांचे नकाशे ती शोधत राहिली. ती त्यांना "गमतीचे नकाशे" म्हणायची. हे नकाशे रस्ता दाखवण्यासाठी नसत. फौज कुठून कुठे गेली, कुठे चिखलात रुतली, कुठे कोणाची फजिती झाली ते सगळं हसऱ्या चित्रांत काढून शिपायांना वाटत, म्हणजे त्यांचं मनही रमायचं आणि घरी पाठवायला काहीतरी व्हायचं. तिच्या पुण्यानुमोदनाला आलेली निम्मी माणसं मी आयुष्यात एकदा-दोनदाच पाहिलेली होती. बुरख्यातली एक बाई, एक निवृत्त तेलुगू मास्तर, सुनेचा हात धरून आलेली एक म्हातारी. भंतेजींचं सूत्रपठण चालू असताना ही सगळी मागच्या रांगेत हात जोडून गप्प बसली होती. बायकोने कानात विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "नकाशावाले."

हे सगळं सुरू झालं ते आमच्या दादांपासून, म्हणजे वडिलांपासून. दादा मूळचे नांदेडकडचे. दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाले आणि खच्चरांच्या तुकडीबरोबर थेट इटलीला पोचले. डोंगरात गाड्या चढत नसत तिथे दारूगोळा, पाणी, भाकरी खच्चरांच्या पाठीवरून जायची. परत आल्यावर ते हैदराबादला रेल्वेच्या गोदामात लागले. लढाईतून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे सकाळी उठल्यावर मायला "बोन जोर्नो" म्हणायची सवय, ज्यावर माय दर वेळी "व्हय, झालं जोरनं" म्हणायची, आणि दुसरा तो नकाशा. इटली देश नकाशात बुटासारखा दिसतो. गोऱ्या फौजेतल्या कोणा चित्रकाराने त्या बुटावर सगळी लढाई गमतीत काढली होती. द्राक्षाच्या पिंपात पडलेला शिपाई, चिखलात रुतलेला रणगाडा आणि त्याला मागून ढकलणारी म्हातारी, टोपीत अंडी लपवून पळणारा स्वैपाकी. रविवारी दादा तो जमिनीवर पसरायचे आणि ताईला जवळ घेऊन बुटाच्या अंगठ्यापासून बोट वर सरकवत न्यायचे. "इथं उतरलो. इथं चिखल. इथं बरफ." बोट गुडघ्यापाशी यायचं. तिथे एक टेकडी होती, टेकडीवर चर्चचा मनोरा, आणि उतारावर हातात दोरी धरून उभा असलेला एक मिशीवाला माणूस व त्याचं खच्चर. "आन् ह्यो मी," दादा म्हणायचे. ताई विचारायची, "इथं काय झालं दादा?" ते म्हणायचे, "काय न्हाई. इथं मी हाय."

ताई दहा वर्षांची असताना दादा छातीच्या दुखण्याने गेले. मी चारचाही नव्हतो. गावाहून आलेल्या आत्याने तो नकाशा घडी करून तिरडीवर त्यांच्या हाताखाली ठेवला. "त्येचं व्हतं, त्येच्यासंगं जाऊ द्या," म्हणाली. कोणी काही बोललं नाही. ताईही नाही. पुढे तिने मला सांगितलं, "मला वाटलं, दुसरा मिळतो. कॅलेंडरसारखा." मला दादांचं काहीच आठवत नाही. त्यांचा एक फोटो आहे, गणवेशातला, आणि त्यात ते माझ्याहून इतके लहान दिसतात की अलीकडे त्यांच्याकडे बघताना मला बाप आठवतच नाही, कोणाचा तरी मुलगा आठवतो. म्हणून तो शोध ताईचा होता. मी स्कूटर चालवायला होतो.

हाताने जोडायचे टेलिफोन बंद झाले तेव्हा ताईला तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. तिथे एकदा एक म्हातारे गृहस्थ मेलेल्या फोनची तक्रार घेऊन आले. कोटावर पदकाची फीत टाचलेली. ताईने फोनचं लिहून घेतलं आणि विचारलं, "काका, आप लोगों को वो चित्रवाला नकाशा मिला था क्या, लढाई में?" ते पाहतच राहिले. मग हसले. त्यांच्याकडे ब्रह्मदेशाचा होता. आम्ही तो बघायला गेलो, मी पाहिलेला पहिला नकाशा तोच. त्यात हत्तीएवढा डास होता आणि एक शिपाई आपले बूट सापाला दाखवत होता. ताई कितीतरी वेळ त्यावर वाकून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे असतात, प्रकाश. लोकांनी ठेवलेत." त्यानंतर ती सुटीच्या दिवशी फौजी लोकांच्या कँटीनबाहेर उभी राहायला लागली. साबण, चहापत्ती घेऊन बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठून विचारायची. काहींना वाटायचं सरकारी चौकशी आहे. एकजण चांगलाच ओरडला होता, "हौला समझे क्या मेरेकू?", म्हणजे मला वेडा समजलात का. ताई शांतपणे "माफ करा" म्हणाली आणि पुढच्याकडे वळली.

इटलीचा नकाशा तिला मिळाला तो एका निवृत्त फौजी डॉक्टरांकडे. हैदराबादच्या जुन्या मराठी घराण्यातले, मारेडपल्लीला राहणारे, शुद्ध मराठी बोलणारे. त्यांनी तो काचेच्या चौकटीत लावला होता. ताईने पायरीवर चपला काढल्या. "या, बसा," डॉक्टर म्हणाले. "छापला तसाच्या तसा आहे बघा. घडीसुद्धा पडलेली नाही." त्यांनी मुद्दाम तो भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवला आणि भिंग दिलं. ताईने अंगठ्यापासून सुरुवात केली. पिंपातला शिपाई होता. म्हातारी होती, अंडीवाला होता. तिचं बोट काचेवरून वर सरकत गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं. टेकडी होती, मनोरा होता. उतार रिकामा होता. ती परत खाली गेली आणि पुन्हा वर आली. डॉक्टरांनी विचारलं, "काय शोधताय?" ताई म्हणाली, "एक खच्चर." ते म्हणाले, "खच्चर नाही बुवा. गाय आहे, बदकं आहेत." ताईने विचारलं, "आणि हिंदुस्थानी शिपाई?" डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि स्वतःच वाकून बघायला लागले. बराच वेळ बघत होते. "नाही…" ते शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं भिंतीवर आहे आणि माझ्या लक्षात आलं नाही."

परतताना चादरघाटच्या पुलाच्या अलीकडे ताई म्हणाली, थांब. आम्ही इराण्याकडे चहा घेतला. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "दादा त्यात नाहीत." मी म्हणालो, असेच दोन-तीन छापले असतील, हा दुसरा असेल. "तोच होता. सगळे होते. दादा तेवढे नव्हते." मी म्हणालो, "तू लहान होतीस ताई." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जांभळे होते. सगळा नकाशा लाल-निळा-पिवळा, आणि दादा तेवढे जांभळे. खच्चरसुद्धा." मला हसू आलं. तीही थोडी हसली, मग बशी उचलून तो गार चहा एका घोटात प्याली. त्यानंतर पुष्कळ दिवस तिने नकाशाचं नावच काढलं नाही. सुटीच्या दिवशी मी गेलो तर तांदूळ निवडत बसलेली असायची. "कुठं जायचंय का?" विचारलं की म्हणायची, "कुठं जायलाय आता? बैस, जेवून जा."

वीरय्यागारूंचा पत्ता ब्रह्मदेशवाल्या काकांनीच धाडला. हे मलकपेठलाच राहायचे, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, ताईच्या घरापासून चालत जाता येईल इतके जवळ. फौजेत ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते, नंतर रेसकोर्सवर सुतारकाम केलं. ताई जायला तयार नव्हती. मीच म्हणालो, एवढ्या जवळ आहे तर जाऊन येऊ. "रा अम्मा, कूर्चो," म्हणत त्यांनी स्टूल पुढे केलं आणि पलंगाखालच्या पेटीतून नकाशा काढला. मागून कापड चिकटवलेलं, घड्यांवर झिजून भोकं पडलेली. तोच बूट होता. पिंपातला शिपाई, म्हातारी, अंडीवाला. आणि मध्यावर, एका नदीत कंबरेएवढ्या पाण्यात, खांद्यावर फळी घेतलेला एक माणूस उभा होता. वेडावाकडा, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. जांभळा.

ताईने तोंडावर हात धरला. मीच विचारलं, "ये कौन?"

"मैं," वीरय्यागारू म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण ताई ते पुढे पुष्कळांना तसंच सांगायची. "उसमें सब थे अम्मा. गोरा था, गोरे का कुत्ता था, मुर्गी भी था. हम नै थे. पुल हम बनाए, और पुल पर गोरा खड़ा है हँसता हुआ." आघाडीमागच्या छावणीत नकाशे वाटले, तेव्हा कोणाकडे तरी जिभेवर ओली करून लिहायची जांभळी पेन्सिल होती. ती तंबूतून तंबूत फिरली. ज्याने त्याने आपापल्या नकाशात स्वतःला काढलं. "जिसकू नै आता था वो क्या किया?" ताईने विचारलं. "अंगूठा लगाया." मग ताईने विचारलं, "नदी मेंच कायकू बनाए आप?" वीरय्यागारूंनी बोट त्या जांभळ्या माणसाच्या शेजारी, निळ्या पाण्यावर ठेवलं. तिथे काही नव्हतं. "इधर नरसय्या बह गया. मेरे बाजूवाला. तो मैं इधर खड़ा हूँ." थोड्या वेळाने म्हणाले, "सब लोग ऐसा नै किए. सबका अपना अपना. मैं ऐसा किया."

बाहेर रेसकोर्सच्या भिंतीशी येईपर्यंत ताई रडत नव्हती, हसतही नव्हती. मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "जांभळे होते की नाही?" मी म्हणालो, होते. ती म्हणाली, "दादांना चित्र काढता यायचं, माहितीय का तुला? मिशा बरोबर काढल्या होत्या." आणि घराच्या जिन्यात शिरता शिरता, एकदम: "प्रकाश, त्या टेकडीवर दादांसोबत कोण होतं रे?" ते आम्हाला कधी कळलं नाही. तिने वीरय्यागारूंना विचारलं, इतरांना विचारलं. खच्चरवाल्या तुकडीतलं तिला कोणीच जिवंत भेटलं नाही.

पण त्या दिवसापासून ती वेगळं शोधायला लागली. छापील, स्वच्छ नकाशात तिला रस राहिला नाही. ज्यांवर कोणीतरी हाताने काहीतरी केलं होतं ते तिला हवे असत. ब्रह्मदेशवाल्या काकांकडे ती पुन्हा गेली तर तिथेही निघालं, पहिल्या खेपेला आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटलेलं, झाडाखाली शाईने काढलेलं दोन काड्यांचं माणूस. "वो? वो तो मैं हूँ," काका म्हणाले, जणू त्यात सांगण्यासारखं काय आहे. वाळवंटाच्या एका नकाशावर उंटाच्या शेपटीपाशी खरोखरच अंगठ्याचा ठसा होता. ताई बेगम बाजारातून बटर पेपरची गुंडाळी आणायची, नकाशावर ठेवून तेवढीच आकृती हलक्या हाताने उतरवून घ्यायची आणि खाली देवनागरीत नाव लिहायची. मूळ नकाशा ती मागत नसे. माणूस आहे तोवर नकाशा त्याच्या घरात, हा तिचा नियम होता. तो गेल्यावर घरच्यांनी ठेवला तर ठेवला, कोणी "आता तुम्हीच न्या" म्हणालं तर घेऊन यायचा. त्यामुळे तिचा संग्रह वाढायचा तो फक्त मरणांनी. तिचा फोन यायचा, "प्रकाश, जायचंय," आणि आवाजावरून नव्हे, त्या दोन शब्दांवरूनच मला कळायचं. मी इतक्या अनोळखी घरांत सतरंजीवर मांडी घालून बसलोय, की ताई गेल्यावर माझ्या घरी लोक आले तेव्हा कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, कधी मान हलवायची, ते सगळं मला येत होतं. लोक म्हणाले, फार धीराने घेतलं. मला तसं काही वाटलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं.

डॉक्टरांचा तो स्वच्छ नकाशाही शेवटी ताईकडेच आला. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने चौकटीसकट आणून दिला. "बाबा म्हणायचे, त्या बाईंना द्या, त्यांनी मला तो बघायला लावला." माझी मुलगी मेघा तेव्हा कॉलेजात होती. तिचं मराठी म्हणजे अर्धं आमचं, अर्धं दिलसुखनगरच्या क्लासमधलं. ती म्हणाली, "आत्या, जागा मालूमच है ना? मग आजोबांना तूच काढून टाक की. पर्पल पेन मी देते." ताईने तिला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "जागा माहितीय गं. पण ते तिथं का उभे राहिले ते मला माहीत नाही. मी काढलं तर नुसतं चित्र होईल." ताई गेल्यावर मेघा आणि मी तिचं लोखंडी कपाट उघडलं तेव्हा सगळ्यात वर तोच होता. मी तो खिडकीशी नेऊन बघितला. उतार कोरा होता. मेघा खालच्या बटर पेपरांवरची नावं एकेक अक्षर जुळवत वाचत होती, "वी… र… य्या…" आणि प्रत्येक नावानंतर माझ्याकडे बघत होती, बरोबर आहे ना म्हणून. मी मान हलवत होतो. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता, आणि मला एवढंच वाटत होतं की कपाटाला तेल द्यायला हवं, दार करकरतंय.

त्यानंतर मी रविवारी ताईच्या घरी जायला लागलो. खिडक्या उघडायच्या, थोडा वेळ पंखा लावायचा, परत यायचं. अशाच एका रविवारी तिचा फोन वाजला, तारेचा, जो तिने शेवटपर्यंत काढला नव्हता. मी उचलला. पलीकडून म्हातारा आवाज आला, "बाई?" मी म्हणालो, मी त्यांचा भाऊ. "बाईकू फोन देव ज़रा. खाजा बोल रा हूँ, याकुतपुरा से. बाई आएच नै दो महीने से." मला फोनवर सांगता येईना. मी म्हणालो, "मैं आता हूँ आपके पास."

खाजासाब म्हणजे ताईच्या ओळखीतले एकटेच उरलेले. ते महायुद्धातले नव्हेत, एकाहत्तरच्या लढाईतले, पाठीवर वायरलेस घेऊन चालणारे. त्यांचा नकाशा छापीलही नाही. त्यांच्याच कंपनीतल्या कारकुनाने लढाई संपल्यावर तो काढला होता आणि सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना वाटला होता. नद्या, तळी, बदकं, चिखलात बसलेले साहेब, आणि एरियलवर वाळत घातलेली लुंगी घेऊन चाललेले खाजासाब. ताईला तो सर्वांत आवडायचा. "ह्यात कोणाला मागाहून शिरावं लागलं नाही," ती म्हणायची. महिन्यातून एकदा ती त्यांच्याकडे जायची आणि ते तिला चित्रातला एकेक माणूस दाखवून तो कुठे आहे ते सांगायचे. कुठे म्हणजे कोणत्या गावी पुरला, कोणत्या घाटावर जाळला.

मी गेलो तेव्हा ते फोनशेजारच्या खुर्चीतच बसले होते. मी सांगितलं. त्यांनी "हौ" म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा "हौ" म्हटलं. सुनेला हाक मारून चहा आणायला सांगितला. फोनच्या वर, चुन्याच्या भिंतीवर, ताईच्या हातचे आकडे होते, कोळशाने लिहिलेले, वीतभर उंच, त्यांना चष्म्याशिवाय दिसावेत म्हणून. ते माझ्या नजरेकडे बघत होते. उठून त्यांनी कोनाड्यातला कोळशाचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. "नीचे आपका लिखो. मेरे बाद बच्चे किसकू फोन करेंगे?" मी लिहायला लागलो. "बड़ा लिखो," ते म्हणाले. "बाई लिखे वैसा." मी पुसून पुन्हा लिहिलं. ताईचा नंबर वर तसाच राहू दिला. ते पुसा म्हणाले नाहीत.

ते खुर्चीत बसले, रिसीव्हर उचलला आणि भिंतीकडे बघत एकेक आकडा मोठ्याने म्हणत फिरवायला लागले. माझ्या खिशात फोन वाजला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. मला वाटलं, वाजला म्हणजे झालं, ते ठेवतील. ते ठेवेनात. रिसीव्हर कानाशी धरून, माझ्याकडे पाठ करून, वाट बघत होते. मी फोन उचलला.

"हेलो," ते म्हणाले. "बाई के भाई?"

"हाँ. बोल रहा हूँ."

मग बराच वेळ फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात खोलीतून.

"बाईकू आख़री में तकलीफ़ तो नै हुई ना?"

"नै, खाजासाब," मी फोनमध्ये म्हणालो. "नींद में थे." आणि पुढे आणखी काही सांगायचं होतं, पंखा चालू होता, कुशीवर होती असं काहीतरी, पण आवाज फुटेना. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. सून चहा घेऊन दारात आली आणि आम्हा दोघांना तसं बघून तिथेच उभी राहिली.